माझ्या पाठीचा निकाल

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगांनी घातला आहे. त्यांतल्या सात अंगांना या क्षणी खाज सुटली असल्यामुळे तो थोडा वळवळत झाला असेल, तर सांभाळून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मुलांचा अभ्यास कसा चाललाय असंही विचारणार होतो, पण अभ्यास, पेपर, निकाल हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असं मी सध्या ठरवलं आहे. कारण पुढे येईलच. इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे तुमची बहीण मजेत आहे, तुमचे वडील तर फारच मजेत आहेत, आणि मी आहे.

अंगावर पित्त उठतंय हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही ‘दोन दिवसांत जाईल’ म्हणाला होतात. ते दोन दिवस संपता संपता वर्ष होत आलं. बसल्या जागी अंगावर लाल गांधी उठतात, टरटरून फुगतात, तास दोन तास मला नाचवतात आणि जशा येतात तशा जातात. आता माझी नोकरी कुठली, तर गाद्यांच्या दुकानात विक्रेत्याची. गिऱ्हाईक गादी दाबून बघत असतं, मी तिच्या स्प्रिंगांची तारीफ करत असतो, आणि नेमकी त्याच वेळी एक गांध कमरेवरून मानेकडे निघते. गादी विकणारा माणूसच कराकरा खाजवतोय म्हटल्यावर लोक काय समजणार? ढेकूण. परवा एक बाई नवऱ्याचा हात धरून इतक्या घाईने मागे सरल्या की उशांचा सगळा ढीग त्यांच्यावर आला. मालकांनी मला आधी गोदामात पाठवलं, आणि मग जवळ बसवून फार गोड आवाजात सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत ही खाज थांबली तर ठीक, नाहीतर तुम्हाला कायमची विश्रांती देऊ. (गाद्यांचा धंदा केलेला माणूस, विश्रांतीचीच भाषा करणार.)

म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. पण हा रोग महाबिलंदर. घरी पाठीवर धुमाकूळ घालणाऱ्या गांधी डॉक्टरांच्या जिन्यावरच पसार झाल्या. मी मोठ्या तोऱ्यात सदरा काढला, तर पाठ धुऊन ठेवलेल्या ताटासारखी स्वच्छ. डॉक्टर भला माणूस, हसला नाही. म्हणाला, गोळ्या चौपट केल्या तरी भागत नाही, आता इंजेक्शन आहे, त्याने बहुतेक उतार पडेल. पण ते महागाचं काम, आजार तीव्र आहे हे आधी दिसायला हवं. त्यासाठी त्याने एक तक्ता दिला. गांधी किती उठल्या त्याला रोज शून्य ते तीन गुण, खाज किती त्याला शून्य ते तीन गुण. आठवड्याचे जास्तीत जास्त बेचाळीस, आणि अठ्ठावीस पडले की आजार तीव्र. जोडीला रक्तही तपासायला सांगितलं. एक तपासणी अंगातल्या सुजेची, दुसरी ‘डी-डायमर’ नावाची. आजार जोरात असला की यांचे आकडे कधी कधी वर जातात, म्हणाला.

अठ्ठावीस म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं. पण माझी पाठ मला दिसत नाही, ही देवाने केलेली चूक. तुमच्या बहिणीला मोजायला सांगितलं, तर गांधी बघूनच तिला खाज सुटते. ती म्हणाली, ‘त्यात काय, नाना मोजतील की. बसूनच तर असतात.’

दादा, ज्या माणसाने सगळा जन्म बोर्डाचे पेपर तपासण्यात घालवला, त्याच्या हातात तिने माझी पाठ दिली. नानांनी त्याच संध्याकाळी कपाटातून लाल पेन काढलं, चष्मा पुसला आणि मला खिडकीशी उजेडात उपडं झोपवलं. पहिला नियम असा, की खाजेचे गुणसुद्धा तेच देणार. मी म्हटलं, नाना, खाज मला सुटते. तर म्हणाले, ‘परीक्षार्थी स्वतःचा पेपर स्वतः तपासत नसतो, जावईबापू.’ मी तोंड दाबून तळमळत असलो की ‘संयम दिसतो, एक गुण’, आणि ओरडायला लागलो की ‘उत्तर पाल्हाळिक आहे, एक गुण’. गांधींचा हिशेब याहून कडक. वीसच्या आत असल्या तर एक, वीसच्या वर दोन, पन्नासच्या वर तीन, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. नानांनी त्यात भर घातली, की दोन गांधी एकमेकींना टेकल्या की त्यांची एक धरायची. गुरुवारी माझा आजार इतका भडकला की सगळ्या गांधी मिसळून मानेपासून कमरेपर्यंत पाठ एकसलग लाल झाली. नानांनी चष्मा सावरून ती कडेकडेने तपासली. मग त्यांनी लिहिलं, ‘गांध : एक. गुण : एक.’

मी चोरून खाडाखोड केली असती. (तुमच्यापासून काय लपवायचं.) पण तक्ता नाना पाकिटात बंद करून स्वतः डॉक्टरांच्या हातात देतात. तुमच्या बहिणीकडे रडगाणं गायलो, तर तिचे डोळे भरून आले. ‘आई गेल्यापासून नाना जेवताना एक शब्द बोलत नव्हते,’ म्हणाली. ‘आता बघा, सकाळी स्वतःहून उठतात, दाढी करतात, उद्याचा कागद आखून ठेवतात.’ ते खरंच आहे, मलाही दिसतं. त्यामुळे माझं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला आहे.

राहता राहिली आशा रक्ताची. ते तरी नानांच्या हातात नाही. निकाल आला, आणि सांगायला आनंद वाटतो की दोन्ही आकडे मर्यादेच्या वर. मी आयुष्यात कशातच मर्यादेच्या वर गेलेलो नाही. कागद घेऊन नाचतच घरात शिरलो. नानांनी तो वाचला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘रक्त घेतलं तेव्हा खोलीत आणखी कुणाच्या नळ्या होत्या का?’ होत्या, म्हटलं. ‘मग कॉपी झाली असेल.’

डॉक्टरांनी कॉपीचा आरोप फेटाळला, पण पुढे जे बोलले त्याने माझा नाच थांबला. म्हणाले, रक्त तुमच्या बाजूने बोलतंय, पण रक्ताचा काय भरवसा, साध्या सर्दीनेही हे आकडे वर जातात. आजार किती, हे मी तक्त्यावरून ठरवतो, आणि तक्त्यात तुम्हाला चौदा गुण आहेत. ही तर सौम्य केस. असं म्हणून त्यांनी नानांच्या अक्षराचं कौतुक केलं. आता येत्या आठवड्याचा तक्ता पाहून ते शेवटचं ठरवणार, आणि महिनाही तेव्हाच संपतो.

असो. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून एवढंच लिहिलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राची काही घाई नाही, सवडीने उत्तर द्या.

आपला,
गोदामवासी

ता. क. : सवडीने नको, लगेच द्या. बोर्डाच्या परीक्षेत तोंडीला बाहेरचा परीक्षक बोलावतात, याची मी नानांना सहज आठवण करून दिली आणि त्यांना ते तत्त्वतः मान्य आहे. तर तुम्ही आठवडाभर या. तुमची नजर मला ठाऊक आहे. आमच्या न्हाणीघरातली बोटभर पाल तुम्ही जेवणं होईपर्यंत घोरपडीएवढी केली होतीत. माझ्या पाठीला सध्या अशाच राईचा पर्वत करणाऱ्या माणसाची गरज आहे. नोकरीचा प्रश्न आहे, दादा, चेष्टा नाही.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार एवढ्यात एक गोष्ट घडली. नानांच्या मनगटावर गांध उठली. एकच, चिंचोक्याएवढी, बहुधा मुंगी चावली असावी. नाना अंगणात, मग स्वयंपाकघरात, मग पुन्हा अंगणात फिरले, मनगट दाराच्या चौकटीवर घासलं, आणि स्वतःला खाजेचे तीनपैकी तीन गुण दिले. मग माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, ‘असं होतं होय हो तुम्हाला?’ ओला टॉवेल पिळून त्यांनी स्वतः माझ्या पाठीवर घातला. मला भरूनच आलं. मग लाल पेन काढून गेल्या आठवड्याच्या तक्त्याची स्वतःजवळ ठेवलेली नक्कल घेऊन पहिल्यापासून फेरतपासणी केली. ‘खाजेच्या बाबतीत अन्याय झाला,’ असं स्वच्छ कबूल केलं. नवी बेरीज सत्तावीस.

मी हात जोडून एक गुण वाढवून मागितला. नाना म्हणाले, ‘एका गुणासाठी मी पोटच्या पोराला वर्षभर घरी बसवलं होतं. तुम्ही तर जावई.’ दादा, मिळेल ती गाडी पकडा.