मुंजाबाजवळची माती

६ जानेवारी
हजर झाले. तालुक्याची माती परीक्षण प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक ओव्हन, एक तराजू आणि भिंतभर पिशव्या. एम.एस्सी. होऊन तीन वर्षं घरी काढली, त्यानंतर हे सहा महिन्यांचं कार्य प्रशिक्षण. सहीच्या रजिस्टरात माझं नाव शेवटी आहे, पण आहे. दोनदा वाचलं.

ढोले साहेब (इथून पुढे ढो.सा.) कमी बोलतात. म्हणाले, सहायकाची एक कंत्राटी जागा वर मागितली आहे. मंजूर झाली तर तुमच्या फॉर्मवर मी लिहिलेला शेरा कामाला येईल. म्हणजे सगळं त्या एका शेऱ्यावर.

९ जाने.
माती वाळवणं, कुटणं, चाळणं. तायडे काका इथले जुने कर्मचारी, बावीस वर्षं हेच करतात. बोटांत चोळून सांगतात की ही खारी आहे. मग मशीनही तेच सांगतं. मग माझं शिक्षण कशाला? मशीनचा राग आला.

आत्याचा फोन. एवढं शिकून माती चाळते का, म्हणाली. हो म्हटलं, बारीक चाळते.

२२ जाने.
हात बसावा म्हणून घरच्या वावरातली माती नेली होती. निकाल बघून उडालेच. क्षार कमी, सेंद्रिय कर्ब भरपूर. आमच्या खारपाणपट्ट्यात अशी माती! घरी येऊन बाबांना ऐटीत सांगितलं, आपल्याला शेणखताची एवढी गरज नाही.

बाबांनी जेवता जेवता मान वर केली. "बाई, वावरात एवढी ताकद असती तं हरभरा असा पिवळा काऊन पडला असता?"

बियाण्याचा दोष असेल, म्हटलं. मशीन खोटं बोलत नाही.

१८ फेब्रु.
सामू (pH), क्षारता, कर्ब आता एकटी करते. ढो.सा. फक्त सही करतात. आज एक शेतकरी मला 'मॅडम' म्हणाले तर मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

१० एप्रिल
धामणखेडचे ४१ नमुने एकदम आले. पूर्णेकडचं गाव, पाणी खारं, तिथला चहासुद्धा खारट लागतो. प्रत्येकाचा फॉर्म मी भरला. 'नमुना कुठून घेतला' या रकान्यात सगळ्यांचं 'शेतातून' लिहिलं. पिशव्यांची रांग मोठी होती, ऊन होतं.

२९ एप्रिल
धामणखेडच्या माती आरोग्य पत्रिका गेल्या. बहुतेक उत्तम. ४१ पैकी ३८ जणांना 'जिप्समची गरज नाही, शेणखत निम्मं चालेल'. तायडे काकांनी गठ्ठा बांधताना एवढंच विचारलं, "ताई, धामणखेडची माती गोड कवापासून झाली?" मी हसले. वाटलं, मशीनपुढे काकांची बोटं हरली.

११ मे
आईबरोबर वावरात. आईने लिंबाखालच्या मुंजाबाला, वावराच्या देवाला, पाणी घातलं, नारळ फोडला. तिथली माती काळीभोर, भुसभुशीत. नांगर कधी लागत नाही, पाला कुजतो, वर नारळाचं, नैवेद्याचं पडत राहतं. चार पावलांवर बाकीचं वावर पांढुरकं, पापुद्रे आलेलं.

जानेवारीत मी माती इथूनच उचलली होती.

आईने सांगितलं होतं, पहिल्यांदाच वावरातलं काही बाहेर न्यायचं तर देवाजवळचं ने. आणि मी नेलं. झाडाखालची माती घेऊ नये हे पत्रक लोकांना मीच वाटते. पण मुंजाबाखालची माती झाडाखालची आहे असं डोक्यातच आलं नाही. ती तर देवाजवळची. मी चक्क माती खाल्ली.

मग धामणखेड आठवलं. तिथे मी सगळ्यांचं न विचारता 'शेतातून' लिहिलं होतं.

१२ मे
रजा टाकली, धामणखेडला गेले. शेषराव काकांना विचारलं. एप्रिलमध्ये सगळ्यांच्या पिशव्या त्यांनीच त्यांच्या गाडीतून आणल्या होत्या. माती कोठची घेतली होती?

"मुंजाबाजवळची. सगळ्यायनं आपापल्या वावरातल्या मुंजाबाजवळचीच घेतली. वावराची माती पह्यल्यांदा तपासाले चालली, मंग काय बांधावरची द्याची?"

त्यांना वाटलं मी शाबासकी द्यायला आले. पत्रिका भिंतीवर चिकटवलेली. यंदा शेणखत विकून टाकलं म्हणाले, मॅडमनं सांगितलं निम्मं चालते. मॅडम म्हणजे मी.

१३ मे
दिवसभर ठरेना. कोणाला कळणार नाही. पीक बुडालं तर सगळे वातावरणाला नावं ठेवतील. जूनमध्ये माझ्या फॉर्मवर शेरा येईल, तो चांगला येईल.

आणि खारी माती शेणखताशिवाय, जिप्समशिवाय पेरली जाईल. ४१ घरं.

बाबांना सांगितलं. मग म्हणाले, "तुह्या सायबाले सांग. म्या तं तुह्यावर भरोसा ठेवला नव्हता, धामणखेडवाल्यायनं ठेवला."

बाबांनी आमच्या वावरात शेणखत पुरं टाकलं होतं. मला न सांगता. राग यायला हवा होता, रडू आलं.

१४ मे
ढो.सा.ना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पत्रिकांवर त्यांची सही आहे. विचारलं, रकाना कोणी भरला? मी. न विचारता? हो.

"लिहून द्या."

लिहून दिलं. 'नमुना कुठून घेतला याची चौकशी न करता माझ्याकडून नोंद झाली.' खाली सही. तीन वर्षं घरी बसल्यावर मिळालेलं काम आपल्या हातानं बुडवलं असं वाटत होतं. तरी सही स्वच्छ आली.

१६ मे
ढो.सा.नी ते पत्र वर पाठवलं नाही अजून. म्हणाले, आधी धामणखेडचे नमुने नव्याने आणा, पेरणीआधी निकाल द्या, मग बघू. आणि तायडे काकांना घेऊन जा.

१८ मे, धामणखेड
पारावर सगळे. सांगितलं, चूक तुमच्याइतकीच माझी, मीही घरी हेच केलं. यावर पहिल्यांदा हसू फुटलं. पण पिशवी कोणी उघडेना. शेषराव काकांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत पुढे आल्या. "देवाले सोडून माती न्यायची मने. मंग त्याचा मान कोठी गेला?"

पत्रकात याचं उत्तर नाही. मी म्हटलं, आजी, माती आठ ठिकाणची भरू. पिशवी बांधली की आधी मुंजाबापुढे ठेवू. हळदकुंकू लावा, नारळ फोडा. फक्त सगळं पिशवीच्या बाहेरून.

आजीनी विचार केला. "हाव, हे बरं हाय. लेक सासरी धाडतानी बी असंच करतो आपन."

पहिला खड्डा त्यांच्याच वावरात. वीतभर खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. आठ खड्ड्यांची माती एका घमेल्यात मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली पिशवीत. तिसऱ्या वावरापासून लोक स्वतःच करू लागले.

२ जून
४१ झाले. रविवारीही कामाला आले होते. ३६ खारे. तायडे काकांनी प्रत्येक पिशवी आधी बोटांत चोळून सांगितली, मी मग मशीनवर. काका दोनदाच चुकले. आता मशीनचाही राग येत नाही, काकांचाही नाही. कापडी पिशव्यांवर हळदकुंकू, टेबल पिवळं झालंय. ढो.सा.नी बोट लावून पाहिलं, पुसलं नाही.

५ जून
नव्या पत्रिका हातोहात वाटल्या. वाईट निकाल द्यायला गेले आणि चहा पिऊन आले. शेषराव काका शेजारच्या गावातून शेणखत आणताहेत. जुनी पत्रिका त्यांनी भिंतीवरून काढली नाही, नवी वर चिकटवली. बाबांना हे सांगितलं, तर बाबांनी ते चौकात चार जणांना सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. छाती मात्र फुगली, खोटं कशाला लिहू.

२४ जून
ढो.सा.नी फॉर्म भरला. माझं ते पत्रही सोबत जोडलं. मग शेरा वाचू दिला: 'स्वतःची चूक स्वतः शोधून, लेखी देऊन, दुरुस्त केली. यांच्या हातचा निकाल मी न तपासता सही करेन.' खाली कंसात: 'तरीही तपासतोच.'

जागेचं अजून काही कळलं नाही. ढो.सा. म्हणाले, वरून उत्तर कधी येईल सांगता येत नाही, येईल याचीही खात्री नाही.

५ जुलै
शेवटचा दिवस. पाच वाजता एक अनोळखी बाई आल्या, धामणखेडच्या पलीकडच्या गावच्या. कापडी पिशवी, वर हळदकुंकू. न विचारता सांगितलं, आठ जागची हाय, देवाले दाखवून आणली. मनात म्हटलं, ही पद्धत आता माझ्याशिवाय चालते.

विचारलं, निकाल कधी? आठ दिवसांनी.

ढो.सा.नी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. नोंद तुम्हीच करा. नमुना कुठून घेतला: आठ ठिकाणांहून, झाड व बांध सोडून. निकालाची तारीख: १३ जुलै. पुढचा रकाना 'तपासणार'. पेन थांबलं. १३ जुलैला मी इथे असेन की नाही, कुणालाच माहीत नाही.

माझं नाव लिहिलं, पूर्ण.

ढो.सा.नी वाचलं. खोडलं नाही. रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.