दगडावरची ओळ

प्रिय मम्मी,

तुझ्या कबरीच्या दगडावर कोरायचा मजकूर सोमवारी द्यायचा आहे. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली, की दगड बसवतील. नाव आणि तारखा लिहून झाल्या. खालची एक ओळ राहिली आहे, आणि ती मीच अडवून धरली आहे. म्हणून हे पत्र.

शनिवारी ओटावाहून एटोबिकोला आपल्या घरी आले, तर डॅडी स्वयंपाकघरात तुझ्या खुर्चीत बसले होते. समोर चहा, निवलेला. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बाय, हे घाल. मराठीतच. तिचेच शब्द आहेत."

कागदावर होतं: तू जवळ असलास, की मला घर आठवत नाही.

मी म्हटलं, बघते. ते शब्द तुझे नाहीत हे मला माहीत होतं. मी अकरावीत होते, तेव्हा तू डॅडींना असंच काहीतरी म्हणताना मी ऐकलं आणि विचारलं, "हे तू केलंस?" तू शेल्फवरच्या त्या इंग्लिश कवयित्रीच्या पुस्तकाकडे बोट दाखवलंस. "ह्या बाईचं आहे. मी मराठीत करून ऐकवते. नाव सांगत नाही. सांगितलं, की तुझे डॅडी परीक्षेला बसल्यासारखे ऐकतात."

आपण दोघी हसलो. तेव्हापासून मी ते तसंच धरून चालले.

आता मी काय करायचं होतं? दगडावर चुकीचं काही कोरायचं नाही, आणि डॅडींना सांगायचं तर त्यांच्याजवळ उरलेली ही एकच गोष्ट काढून घ्यायची. तू गेल्यापासून ते जेवतातही उभ्याने.

सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम आहे. तपासल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही. म्हणून तुझं ते पुस्तक घेतलं आणि त्या चौदा-चौदा ओळींच्या सगळ्या प्रेमकविता वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. किती घाबरत प्रेम करते ती! आजारी, वय उलटत चाललेली, वडिलांच्या धाकात. आपल्यावर कोणाचा जीव जडला आहे, हेच तिला खरं वाटत नाही.

तुझी ओळ त्यात नाही. एका कवितेत घर सोडण्याची धास्ती आहे, पण तिथे ती त्याला नुसतं विचारते, की मला घर आठवेल का. तुझ्या ओळीत उत्तर आहे.

मग डॅडींना विचारलं, "मम्मी हे कधी म्हणाली?"

"आपल्या पहिल्या विंटरमध्ये. वसईला तुझी नानी वारली, आणि कागदपत्रं अडकल्यामुळे तुझ्या मम्मीला जाता आलं नाही. मी म्हटलं, तुला इथे आणलं हेच चुकलं माझं. तेव्हा म्हणाली."

"हातात पुस्तक होतं?"

"पुस्तक?" त्यांनी विचारलं. "भाकरी थापत होती, बाय. कोपरापर्यंत पीठ."

पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे. त्या कवयित्रीने स्वतःच्या कविता छापल्या, त्या परक्या भाषेतून आणलेल्या आहेत असं भासवून. इतकं जवळचं आपलं म्हणून लोकांपुढे ठेवायची तिला लाज वाटली. तू त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलची बारीक रेघ ओढली आहेस.

म्हणजे डॅडींना तू खरं तेच सांगत होतीस. लपवलंस ते माझ्यापासून. का, मम्मी? मी हसेन असं वाटलं? की पुरावा मागेन?

मागितला असता, बहुतेक. तू मला ओळखत होतीस. मी मात्र वीस-बावीस वर्षं असं समजत राहिले, की माझी आई दुसऱ्या बाईचं प्रेम उसनं आणून घरात वाढते.

हे विचारायला आता तू नाहीस. एक ओळ तुझी ठरली, डॅडींना ऐकवलेल्या बाकीच्या ओळी कोणाच्या ते कळणार नाही. कदाचित काही खरोखर तिच्या असतील. ह्या घरात तुझं मराठी समजणारे आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि डॅडी आता विसरायला लागले आहेत.

मजकूर मी आज रात्रीच पाठवते, त्यांनी दिला तसाच. आणि एक वचन देते. पुढच्या शनिवारी येईन, त्यांच्यासमोर बसेन आणि त्यांना आठवतील त्या सगळ्या ओळी ऐकेन. कुठली कोणाची, ते विचारणार नाही.

तुझी,
मेलिसा