पारूचं नाव नसलेलं मृत्युपत्र

३ जून, मंगळवार
शिराळ्याला तलाठ्याकडे जाऊन आलो. पारूला जाऊन तीन महिने झाले. तिच्या वडिलांनी तिला दिलेल्या तीस गुंठे जमिनीवर तिचे वारस म्हणून माझं आणि दोन्ही पोरांचं नाव लावायचं होतं. तलाठ्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. सातबाऱ्यावर एकच नाव, पोराचं, अजितचं. बक्षीसपत्र. दोन वर्षांपूर्वीचं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाचं.
त्या पंचमीला अजितच सांगलीहून येऊन तिला गाडीतून शिराळ्याला घेऊन गेला होता. माझा गुडघा धरलेला, मी घरीच. परत आल्यावर म्हणाली, गर्दी लय होती. एवढंच.
साताऱ्याला घरी येईपर्यंत एस.टी.त एकच विचार. पोरानं आईला फसवलं.

४ जून
जेवण नाही. पेटीतून माझं मृत्युपत्र काढलं. बारा वर्षांपूर्वी सांगलीत, अजितच्या घरी बसून केलेलं. घर, मोकळा प्लॉट, बँकेतलं, सगळं अजितला. लेकीला, मनीषाला, ‘लग्नात दिले आहे’.
आता त्याला कळेल. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, घर माझ्या कमाईचं, वाडवडिलांचं नाही. द्यायचं की नाही ते मी ठरवणार.

९ जून, सोमवार
वकीलबाईंकडे. मनीषाच्याच वयाच्या. जुना कागद पूर्ण वाचला. दोन साक्षीदारांपैकी एक वारलाय, हे मीच सांगितलं. मग बाईंनी विचारलं, “काका, यात काकूंचं नाव कुठं आहे?”
म्हणालो, ती जिवंत होती तेव्हा, तिचं कशाला लिहायचं.
“जिवंत होत्या म्हणूनच लिहायचं असतं.”
प्रश्न आवडला नाही. मी अजितसाठी आलो होतो. सांगितलं, त्याला काही मिळता कामा नये, आणि त्याचं नाव घालून लिहा. का वगळलं त्याचं दीड पान सांगितलं. बाईंनी चार ओळी केल्या. ‘आईचा विश्वासघात’ हे शब्द तेवढे भांडून ठेवून घेतले.

१० जून
बँकेत. खात्याला वारस म्हणून अजून माझी आई. ती जाऊन वीस वर्षं झाली. बाकावर बसूनच फॉर्म भरला, मनीषाचं नाव घातलं. बरं वाटलं. लय बरं वाटलं.

१४ जून, शनिवार
सांगलीला गेलो. कागदावरून कळायच्या आधी तोंडावर सांगायचं होतं. मार्केट यार्डात अजितची हळदीची अडत. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबलो. मग सांगितलं, घर गेलं, प्लॉट गेला, तुला काही नाही. त्याच्या बशीत चहा सांडला. तो बघायलाच तर गेलो होतो.
त्यानं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, “आप्पा, मी मागितली न्हाई. आईच म्हनली. ताईला विचारा.”
मेलेल्या आईवर ढकलतो. चहा न पिता उठलो.

१६ जून
मनीषा कराडहून आली. वाटलं, खूश होईल. सगळं तिलाच लिहितोय. ती उभीच राहिली.
म्हणाली, “आप्पा, त्या बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही हाय.”
मग बोलत गेली. आईला माझं मृत्युपत्र माहीत होतं, मीच तिला वाचून दाखवलेलं. सगळं अजितला, तिला राहायला एक खोलीसुद्धा लिहिलेली नव्हती. मी आधी गेलो तर ती लेकाच्या घरात पाहुणी. म्हणून स्वतःचं होतं तेवढं आधीच अजितला देऊन टाकलं, पुढं सुनेनं वाईट वागवू नये म्हणून. मला सांगायचं नाही अशी दोघांना शपथ घातली होती.
विचारलं, मला का नाही सांगितलं तिनं?
“तुमी ऐकून घेतलं असतं व्हय?”
भांडी घासून पाचच्या गाडीनं गेली.

१७ जून
म्हणजे तिघं एकीकडे. मी एकटा एकीकडे.
वकीलबाईंना फोन करून सांगितलं, मनीषाचंही नाव काढा. त्यांनी विचारलं, मग कुणाला? कुणालाच नको, म्हणालो. म्हणाल्या, कुणाला द्यायचं नाही एवढ्यावर मृत्युपत्र होत नाही काका. ती जागा कोरी ठेवते, ठरवून या. सोमवारी साडेदहाला नोंदणीची वेळ घेतलीय.

१९ जून
आठवतंय. वाचून दाखवलं तेव्हा ती मेथी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं. “झालं?” म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी समजलो, पटलं.
बोलायचं होतंस गं. तुझाही राग येतोय. तुझं काय खोडू, तुझं तर कुठं नावच नाही.
‘विश्वासघात’ काढायला सांगितलं. तिथं दुसरं काय घालायचं ते सुचलं नाही.

२१ जून, शनिवार
अजितचा फोन. वेळ त्याला मनीषानं कळवली असणार, तिला मी फोनवर बोललो होतो. म्हणाला, ज्याला द्यायचं त्याला द्या, मी काय बोलणार न्हाई. पण गुडघा घेऊन बसनं जाऊ नका, गाडी आणतो.
एवढ्यानं मी विरघळेन असं वाटत असेल. वाटेत मला काही झालं तर अजून जुनंच मृत्युपत्र चालतं, हे त्याला ठाऊक आहे. असला विचार आला, आणि माझीच मला किळस आली. तरी पुरता गेला नाही.
हो म्हणालो.

२३ जून, सोमवार, स. ९.४०
गाडी दारात. स्वतः चालवत आलाय. आत आला नाही, हॉर्नही वाजवत नाही. खिडकीतून दिसतोय, माझ्या बाजूची सीट मागं सारतोय, पाय लांब करता यावा म्हणून. आईला न्यायचा तेव्हाही अशीच सारायचा.
बाईंनी दिलेले कागद पिशवीत घातलेत. कोरी जागा कोरीच आहे. दाढी केली, फौजेतली पदकं पेटीतून काढली, परत ठेवली.
निघतो.