ढगाळ दिवसाचं इंजिन

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वहिनीचा नमस्कार. मी बरी आहे, गाय बरी आहे, वांगी जरा रुसली आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता! कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद.

तर मी कृषी प्रदर्शन बघून आले. शेजारची रेडिओ कधीची मागे लागली होती. तीच हो, जिला सकाळी एक गोष्ट सांगितली की दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ होते. "फुकट टोपी देतात, पिशवी देतात, चल." मला टोपी मिळाली. पिशव्या तिने दोन घेतल्या, एक स्वतःची आणि एक 'घरी आजारी असलेल्या नवऱ्याची'. नवरा ठणठणीत आहे.

केवढं ते प्रदर्शन, वन्सं! मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेली पालेभाजी पाहिली. मुळं अशी उघडी लोंबत होती की मलाच संकोच वाटला. एका वाफ्यात एक काडी खोचलेली होती, ती म्हणे जमिनीला तहान लागली की मोबाइलवर कळवते. रेडिओ म्हणाली, "आमचे हे तर ताटावर बसले तरी सांगत नाहीत काय हवंय ते." मग ड्रोन उडवला. फवारणी दाखवायची होती, पण वारा फिरला आणि सगळं पाणी मुख्य पाहुण्यांच्या चष्म्यावर. पाहुण्यांनी भाषण लगेच आटोपतं घेतलं. ड्रोनचा हा फायदा मला तिथल्या तिथे पटला.

आणखी एक आवडलं. उंच खांबांवर सोलरची पॅनेलं आणि खाली त्यांच्या सावलीत पालक. वर वीज पिकते, खाली भाजी. आपल्या विहिरीजवळचा तो तुकडा आहे ना, जिथे उन्हाळ्यात सगळं करपतं, तिथे हे शोभेल असं मनात आलं.

आणि मग मी घोटाळा केला. सांगूनच टाकते, नाहीतर रेडिओकडून कळेल, आणि तिच्या गोष्टीत आग लागलेली असेल.

सौर पंपाच्या स्टॉलवर पाण्याची टाकी होती, टाकीत बुडवलेला पंप, बाहेर उन्हात पॅनेल आणि टेबलावर एक पेटी. एक टायवाले साहेब म्हणाले, "बटण दाबा की पाणी सुरू. या ताई, तुम्हीच करून बघा."

विहिरीवरचं आपलं डिझेल इंजिन तुम्हाला माहीत आहे. आधी पंपाच्या तोंडात बादलीभर पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, मग हँडल मारायचं. तुमचे दादा म्हणायचे, "हा पाणी प्यायल्याशिवाय पाणी देत नाही." ते गेल्यापासून सात वर्षं मी रोज सकाळी तेच करते आहे, हाताला वळणच पडलंय. टाकीशेजारी बादली दिसली. पेटीचं झाकण उघडं होतं आणि आत एक गोल तोंड होतं. मी बादली भरली आणि दिली ओतून.

फट्! पंखे बंद, दिवे बंद, ते कर्णकर्कश गाणंही बंद. साहेब पांढरेफटक पडले. रेडिओला "अगं बाई!" याच्या पुढे शब्द सुचेनात, म्हणजे बघा. कोणीतरी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि खटका पाडला. तो तिथला मिस्त्री.

साहेब माझ्यावर तोंड टाकायला लागले तर मिस्त्री मधे पडला. "झाकण मी उघडं टाकलं होतं, त्यांना काय बोलता?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण बाई, त्याला पाणी का पाजलंत?"

मी इंजिनाचं सांगितलं.

"रोज कोण सुरू करतं?"

"मीच."

"हँडल मारून?"

"नाही, फुंकर मारून."

असा हसला, वन्सं! एवढ्या गोंधळात मलाही हसू आवरेना.

शेजारच्या स्टॉलवर उन्हावर चालणारं वाळवणाचं कपाट होतं, आत टोमॅटोच्या चकत्या मांडलेल्या. मिस्त्रीने पेटीच्या पोटातली, सर्किट का काय म्हणतात ती हिरवी पट्टी काढली, पुसली आणि त्या चकत्यांशेजारी वाळत घातली. ती वाळेपर्यंत आम्ही उलट्या क्रेटवर बसलो. रेडिओ आणखी पिशव्यांच्या मागे गेली होती. दुपार कलता कलता मिस्त्रीने सगळं परत जोडलं, बटण दाबलं आणि पाणी आलं. आवाज अजिबात नाही. मी आपली वाट बघतेय, आवाज कधी येतो म्हणून.

तर हा पंप घ्यायचं मी ठरवलं आहे. मिस्त्री बसवायला येणार. मिस्त्री म्हणतो, आपल्या विहिरीला तो छान बसेल. मिस्त्री म्हणतो, पॅनेल उंचावर घेतलं तर खाली पालकही होईल. त्याने टोमॅटोच्या चकत्या बांधून दिल्या होत्या, त्या तुमच्यासाठी ठेवणार होते, पण संपल्या.

इंजिनाचं काय करायचं ते मग लिहीन. बाकी विशेष काही नाही.

तुमची,
वहिनी

२२ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. मी पानंच्या पानं लिहिली आणि तुमचं उत्तर एवढंसं: "पंप ठीक. मिस्त्री कोण? दादाचं इंजिन काढलंस तर मी यायचं कुणाकडे?"

तुम्ही मास्तरीण व्हायला हवं होतं. जिथे मी अंग चोरलं, नेमकी तिथेच लाल रेघ! पत्र आरशामागे खोचून ठेवलंय. वेणी घालायला उभी राहिले की ते डोकावतं, आणि मी पाठ फिरवून वेणी घालते. रेडिओ म्हणाली, हल्ली भांग वाकडा असतो तुझा.

आधी सोपं सांगते. पंप बसला. पॅनेल खांबांवर चढलं, खाली पालक उगवलाय आणि सावलीत खरंच टवटवीत आहे. माझं मनगट बरं आहे. ते सुजायचं हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. हँडल उलटं फिरून फटका बसायचा. तुम्ही आलात की मी लांब बाह्यांचं काहीतरी घालायची, कारण तुम्ही म्हणाला असता, काढून टाक ते इंजिन. आणि मनातून तुम्हाला ते काढायला नको होतं. सकाळी विहिरीपाशी डोळे मिटून बसता तुम्ही, इंजिनाचा आवाज ऐकत. "वाटतं, दादा इथेच आहे," म्हणाला होतात. मग मी कसं काढणार?

नवा पंप सुरू झाला त्या सकाळी पाटातून पाणी गेलं आणि मी बादली हातात घेऊन तशीच उभी. सगळं चिडीचूप. मग मी रडले. इंजिनासाठी कोणी रडतं का? मी रडले, अगदी नाक वाहीपर्यंत.

मिस्त्री पंप तपासायला आला होता. मला वाटलं, आता म्हणेल, कशाला जागा अडवताय, भंगारवाल्याला द्या. सगळे तेच म्हणत होते. तो इंजिनाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "ढगाळ दिवशी काय कराल?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आमचा पंप उन्हाचा मिंधा. आभाळ भरून आलं की तो तोंड पाडून बसतो. हे राहू द्या इथेच. याला आभाळाशी काही देणंघेणं नाही."

मग त्याने इंजिन उघडलं. तेल बदललं, जाळी धुतली, हँडल उलटं फिरायचं ते बंद केलं. हँडलला तुमच्या दादांनी आपल्या निळ्या शर्टाची चिंधी गुंडाळली होती, आठवतं ना? पार काळी झाली आहे. त्याने हात थांबवून विचारलं, "ही सोडू का?" मी नको म्हटलं. तर चिंधीला तेलाचा डाग लागू नये म्हणून तिच्यावर कागद गुंडाळला आणि मग काम केलं. वन्सं, त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला मला आजही जमत नाही.

त्यानंतर तो येतच राहिला. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, पंप तर एकदाही बिघडला नाही, मग तुम्ही बघायला काय येता?"

म्हणाला, "म्हणूनच काळजी वाटते. बिघडत कसा नाही हा?"

हा असा आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तिच्या संसारात आहे. बेसूर गातो. चहा बशीत ओतून पितो आणि फुर्र फुर्र आवाज करतो, ते मी सुधारणार आहे. तुम्हाला कळलंच असेल आता. त्याने विचारलं आणि मला हो म्हणायचं आहे. या वयात, गुडघे दुखायला लागल्यावर! हसायचं असेल तर हसा.

मी त्याला सांगितलं, "आधी वन्संना लिहीन."

"त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर पंप राहील आणि तुम्ही जाल."

त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "चालेल. लिहा, पण नीट लिहा."

तर नीट लिहिते. मी परवानगी मागत नाही. परवानगी मागायचं वय आपल्या दोघींचं गेलं. पण तुमचं ते वाक्य, 'यायचं कुणाकडे', मला झोपू देत नाही. इतके दिवस मला वाटत होतं, भीती मलाच आहे. लग्न केलं की मी तुमची कोण उरणार? सासूबाई गेल्या, तुमचे दादा गेले, मूलबाळ नाही. या जगात मला 'वहिनी' म्हणणारं एक तुमचंच तोंड आहे. ते गेलं तर नवा संसार घेऊन मी काय करू? आणि तिकडे तुम्हाला वाटतंय की तुमचं माहेर बंद होणार. आपण दोघी एकाच दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडतोय बघा, आणि कडी कोणीच लावलेली नाही!

तुमची खोली तशीच आहे. तुमची उशी त्याला वापरू दिलेली नाही, देणारही नाही. इंजिन शेडखाली आहे, चिंधीसकट. येऊन बघा. तुम्ही येऊन नको म्हणालात तर मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण तुम्ही यायच्या बंद झालात तर मला सहन होणार नाही.

सही काय करू ते कळत नाही. तुम्हीच सांगा.

तुमची

२ जून

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. मी दारातच फोडलं आणि रेडिओसमोर मोठ्याने वाचलं, म्हणजे एव्हाना सगळ्या गल्लीला पाठ झालं असेल: "ढगाळ दिवस बघून येते. मिस्त्रीला सांग, हँडलला पहिला हात माझा. आणि वहिनी, सही पूर्ण करायला शीक."

त्या दिवसापासून रोज आभाळाकडे बघते आहे. पिकासाठीसुद्धा कधी ढगांची अशी वाट पाहिली नव्हती. ऊन म्हणजे कडकडीत, हटायला तयार नाही. पंप मजेत चालतोय आणि मी त्याच्यावर चिडते आहे. मिस्त्री म्हणतो, एवढं चांगलं काम करणाऱ्या पंपाला शिव्या खाताना त्याने पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या भीतीने तो बशी सोडून कपाने चहा प्यायला लागलाय. आवाज अजून करतो.

आज पहाटे गाय हंबरली म्हणून उठले आणि बाहेर आले, तर सूर्य दिसेना. सगळं आभाळ भरून आलंय, पंपाने तोंड पाडलंय. उद्याही असंच राहील असं मिस्त्री म्हणतो, आणि नाही राहिलं तर पॅनेलवर चादर टाकू म्हणतो.

मी इंजिनाशेजारी बादली भरून ठेवली आहे. हे पत्र पोस्टात न टाकता सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, म्हणजे आजच मिळेल. दुपारच्या गाडीने निघा, वन्सं. माहेरी या.

तुमची,
वहिनी