दुखेल तेवढं दुखू दे

प्रिय डेलबर्ट,

कोळशाच्या खाणीत पाठ मोडली, तेव्हापासून तू अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांवर होतास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्यांनीच हृदयाचे ठोके चुकतायत, पुरुषी हार्मोन आटलंय. प्रतिकारशक्तीही खचलीय, म्हणून सारखा न्यूमोनिया होतो. पण गोळ्या एकदम बंद करू नका."

"हळूहळू कमी करा," तू म्हणालास. "दुखेल तेवढं दुखू दे."

वर्षभर घामाघूम होऊन कण्हलास, पण मागे फिरला नाहीस. हा हिवाळा तापाविना गेला.

आज तू टेकडी चढून आईच्या थडग्यापाशी आलास. मी म्हटलं, "पाठ दुखतेय ना? बस जरा."

"दुखतेय की, ताई. पण बसलो तर इथलं गवत कोण कापेल?"

तोंडावरचं कौतुक तुला खपत नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच ठेवते.

तुझ्या धीरापुढे नमलेली,
ओपल