तिकिटाची घडी

मंगळवार, संध्याकाळ. पुनावळे.

लहानपणची ती गाड्यांच्या शर्यतीची गेम कंपनीनेच फुकट करून टाकलीय. चोरीची नाही, रीतसर. दादाला दाखवायला म्हणून डाउनलोड केली. कशाला केली?

तेव्हा सायबर कॅफेत आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचो. दादा वेगाच्या बटणाच्या फटीत बसच्या तिकिटाची घडी खुपसायचा, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं. पुढे चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरही त्याने तेच केलं. हात आत जाऊ नयेत म्हणून तिथे दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. टार्गेटच्या घाईत त्याने एक अडकवून ठेवलं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

आज स्क्रीनकडे बघत म्हणाला, "तिकीट आहे का रे?"

नाही म्हणालो. सकाळच्या बसचं खिशातच होतं.