नानांच्या पासवर्डची पाळी

महाड, ६ जानेवारी २००८

चि. सौ. अस्मितास, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. आधी भांडले असते, मग रडले असते.

परवा पोलादपूरला तुझ्याकडे आले, तेव्हा आपले नाना कॉम्प्युटरपुढे बसून एका बोटाने पासवर्ड टाकत होते. पडद्यावर नुसते ठिपके, पण बोट कुठे जातंय ते दिसत होतं. आय, आर, ए. पुढचं बघवलं नाही. अगं, पुण्याहून येऊन कॉम्प्युटर बसवला माझ्या रुचिरने, त्यात लिनक्स घातलं त्याने, आणि नाना रोज सकाळी नाव घेतात तुझ्या ईराचं! ती मुंबईला होस्टेलवर बसून कधीमधी फोन करते. राबायचं एकाने आणि कौतुक दुसऱ्याचं.

जळते आहे मी, स्पष्टच सांगते. रुचिर संक्रांतीनंतर घरी येतोय, त्याला तिकडे पाठवते. पासवर्ड न विचारताच कॉम्प्युटर उघडेल असं तो करून देईल. नानांचं बोट थरथरतं, हे कारणही काही खोटं नाही.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
अनुताई

पोलादपूर, २४ जानेवारी २००८

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

रुचिर आला, तिळगूळ पोचला. लॉगिनच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’वर खूण करून त्याने नानांचं नाव निवडलं. एवढा बदल करायला कॉम्प्युटरने शेवटचा एकदा पासवर्ड मागितला, तो नानांनी टाकला. रुचिरही तुझ्यासारखाच बोटाकडे बघत बसला. घराण्याचा गुण! नानांनी टाकलं होतं ‘अनुपमा’.

आपल्याकडे भावाभावांत गणपतीची पाळी फिरते ना, तशी त्यांनी पासवर्डची लावली आहे. लांब असतात त्यांची. आधी रुचिर, दिवाळीपासून ईरा, संक्रांतीपासून तू. सकाळी एकदा नाव घेतलं की माणूस भेटून गेल्यासारखं वाटतं, म्हणाले. आता कॉम्प्युटर विचारतच नाही. तो आपला उघडतो, आणि नाना कीबोर्डवर बोट धरून बसून राहतात. भांडी घासताना मंजुळासुद्धा म्हणाली, की नाना हल्ली गप गप हायत.

आणि ताई, तू जळलीस, तर मी काय करू? पायाला तेल मी लावते, पण पाळीत माझं नावच नाही. मी घरातली ना.

उत्तर लवकर धाड, आणि आहे तो जीव तसाच राहू दे.

तुझी,
अस्मिता

महाड, ३० जानेवारी २००८

चि. सौ. अस्मितास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. समोर वाढलेलं ताट मीच लाथाडलं, असं झालं माझं.

रुचिर शनिवारी पुन्हा येतोय. ती खूण काढेल, पासवर्ड पहिल्यासारखा विचारला जाईल. नानांशी फोनवर बोलले. माझी पाळी अस्मिताला द्या म्हटलं. ते म्हणाले, की तिला तर दिवसभर हाका मारतो, तिचं नाव आणखी कशाला घ्यायचं. मी म्हटलं, त्या हाका चहासाठी आणि गोळ्यांसाठी असतात. मग हळूच बरं म्हणाले.

तेव्हा रविवारी सकाळी हातातलं काम टाक आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहा. बोट कुठे जातंय ते शेवटपर्यंत बघ. मी इथे महाडात बसून जळत असेन, ते आता सांगायला नको.

तरीही तुझीच,
अनुताई